घरगुती वायरलेस ॲक्सेस पॉइंट

वायरलेस ॲक्सेस पॉइंट हे तारेवाटे आलेले संगणकजाळे रेडिओलहरींच्या साहाय्याने मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच इत्यादी उपकरणांपर्यंत पोहोचवणारे साधन होय. घराच्या प्रत्येक खोलीत वायफायचा संकेत मिळणे हे उपकरणाच्या किमतीवर किंवा त्याच्या अँटेनांच्या संख्येवर फारसे अवलंबून नसते. ते मुख्यत्वे उपकरणाची जागा, मधल्या भिंती आणि उपकरण तारेने जोडलेले आहे की नाही, या तीन गोष्टींवर ठरते. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत काळ्या दगडाची जाड भिंतींची जुनी घरे आणि सिमेंट-काँक्रीटची नवी घरे शेजारीशेजारी आढळतात. त्यामुळे ॲक्सेस पॉइंटच्या निवडीचा विचार या भागात बांधकामापासून सुरू करावा लागतो.

संज्ञा

घरात इंटरनेट आणणाऱ्या यंत्रणेत तीन वेगवेगळी कामे चालतात. प्रकाशतंतूतून (फायबरमधून) आलेल्या प्रकाशाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणे हे पहिले काम असून ते करणाऱ्या उपकरणास ओएनटी म्हणतात. एकाच जोडणीचे घरातील अनेक उपकरणांत वाटप करणे हे राउटरचे काम होय. हे वाटप बिनतारी स्वरूपात हवेतून करणे हे ॲक्सेस पॉइंटचे काम होय. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्या बहुधा ही तिन्ही कामे करणारी एकच पेटी बसवून देतात आणि बोलण्यात तिला सरसकट ‘राउटर’ किंवा ‘मोडेम’ म्हटले जाते. या एकत्रीकरणामुळे एक गोष्ट सहज नजरेआड होते. प्रकाशतंतू घरात जेथून शिरतो ती जागा आणि वायफायची जेथे गरज असते ती जागा एकच असेल असे नाही. तंतू साधारणपणे रस्त्याकडील दर्शनी भिंतीतून आत येतो, तर अभ्यासाची खोली किंवा माडी घराच्या दुसऱ्या टोकाला असते. ओएनटी व राउटर दाराजवळ ठेवून ॲक्सेस पॉइंट मात्र आतल्या खोलीत नेता येतो. निवडीचा सर्व विचार या शक्यतेवर उभा आहे.

इतिहास व मानके

बिनतारी स्थानिक जाळ्याचे ८०२.११ हे मानक आयईईई या संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केले. त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ साली आलेल्या ८०२.११बी या सुधारित मानकाने तो ११ मेगाबिटवर नेला आणि त्याच वर्षी ‘वायफाय’ हे व्यापारी नाव रूढ करण्यात आले. पुढे ८०२.११एन (२००९), ८०२.११एसी (२०१३) व ८०२.११एएक्स (२०२१) ही मानके आली. ग्राहकांना ती अनुक्रमे वायफाय ४, वायफाय ५ व वायफाय ६ या नावांनी परिचित आहेत. वायफाय ७ या पिढीच्या उपकरणांचे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले.

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत पट्टा घराबाहेरील वापरासह ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला करण्यात आला. ६ गिगाहर्ट्‌झमधील खालच्या भागासंबंधीचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

लहरी आणि भिंत

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेपाच ते सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. पहिली लहर भिंतीतून तुलनेने अधिक आरपार जाते, पण तिच्यावर गर्दी अधिक असते. दुसरी वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर क्षीण होते.

संकेताची घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, १० डेसिबल म्हणजे एक दशांश आणि २० डेसिबल म्हणजे एक शतांश. ढोबळमानाने नऊ इंची विटेच्या भिंतीत २.४ गिगाहर्ट्‌झचा संकेत सुमारे ६ डेसिबलने, तर ५ गिगाहर्ट्‌झचा सुमारे १० डेसिबलने घटतो. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट स्लॅबमध्ये ही घट १५ ते २५ डेसिबल किंवा त्याहूनही अधिक असू शकते. लहर भिंतीतून तिरकी जात असेल तर तिला अधिक जाडी ओलांडावी लागते आणि घट वाढते. पाणी लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवतो.

मोबाइलवर दिसणाऱ्या संकेताच्या पातळीचे आकडे ऋण असतात. उणे ५० हा उत्तम, उणे ६७ हा दृक्‌श्राव्य संभाषणासाठी पुरेसा, तर उणे ८० हा जवळपास निरुपयोगी मानला जातो.

संभाषण दोन्ही बाजूंनी चालते, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे. मोबाइलची प्रक्षेपणशक्ती ॲक्सेस पॉइंटपेक्षा सहसा कमी असते. मोठ्या आवाजाच्या माणसाची हाक वाड्याच्या परसापर्यंत ऐकू जाते, परंतु परसातल्या लहान मुलाची ओ ओसरीपर्यंत पोहोचत नाही. वायफायच्या बाबतीतही हेच घडते. मोबाइलवर संकेताच्या पट्ट्या पूर्ण दिसतात आणि तरीही पान उघडत नाही. अधिक शक्तीचे उपकरण आणून ही अडचण सुटत नाही. ॲक्सेस पॉइंट मोबाइलच्या जवळ नेल्यानेच ती सुटते.

नांदेड-लातूर भागातील घरे

दगडी घरे व माळवद

दख्खनच्या पठारावरील काळा बेसाल्ट हा येथील पारंपरिक बांधकामाचा दगड आहे. जुन्या वाड्यांच्या व खेड्यातील घरांच्या मातीत रचलेल्या दगडी भिंती दोन फुटांहून अधिक जाड असतात. वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट छत असते, त्यास माळवद म्हणतात. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच जाडी वायफायला अडवते. ओसरीवर ठेवलेल्या राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत अशा एका भिंतीपलीकडे क्वचितच वापरण्याजोगा उरतो.

या घरांत भिंतीतील देवळी, म्हणजे कोनाडा, ही राउटर ठेवण्यास सोयीची जागा वाटते. तेथे मात्र उपकरणाच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंना दगडच असतो आणि संकेत केवळ समोरच्या दिशेने पसरतो. त्याऐवजी एकासमोर एक असलेल्या दारांच्या ओळीत, चौकटीच्या उंचीवर उपकरण ठेवल्यास लहरींना दारांतून वाट मिळते.

भूकंपानंतरची घरे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडी भिंती व माळवदाचे ओझे हे प्राणहानीचे एक प्रमुख कारण ठरले. त्यानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले आणि परिसरातील बांधकामाची पद्धतच पालटली. दगडाची जागा सिमेंटच्या ठोकळ्यांनी, पट्ट्यांनी व काँक्रीटच्या छतांनी घेतली. या घरांच्या भिंती पातळ असल्याने एकाच मजल्यावर संकेत बऱ्यापैकी पसरतो. पुढे त्यांवर चढवलेल्या दुसऱ्या मजल्याला मात्र मधला स्लॅब आडवा येतो. अशा घरात प्रत्येक मजल्यास स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट असणे हिताचे ठरते.

शहरी घरे व विद्यार्थ्यांच्या खोल्या

लातूरच्या गंजगोलाईभोवती किंवा नांदेडच्या वजिराबादसारख्या भागात खाली दुकान व वर घर अशी अरुंद आणि खोल बांधकामे आढळतात. नवीन नांदेडमधील सिडकोसारख्या वसाहतींत घरांच्या भिंती एकमेकींना लागून असल्याने एका घरात शेजारच्या अनेक घरांचे संकेत येतात. पहिल्या ठिकाणी अडचण अंतराची असते, तर दुसऱ्या ठिकाणी गर्दीची.

दोन्ही शहरांत वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखली जाणारी अभ्यासपद्धती याच भागातील आहे. मार्च २०२० नंतर शाळा-महाविद्यालये बंद असताना शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले आणि सराव परीक्षा व ध्वनिचित्रफितींचा मोठा भाग पुढेही तेथेच राहिला. एकाच जोडणीवर वीस-पंचवीस विद्यार्थी असलेल्या वसतिगृहात कोपऱ्यातील खोलीला संकेत क्षीण मिळणे म्हणजे त्या खोलीतील मुलाचा अभ्यास मागे पडणे होय. क्षीण संकेतावरील उपकरण मंदगतीने संवाद करते व हवेतील सामायिक वेळ अधिक व्यापते. परिणामी चांगला संकेत मिळणाऱ्यांचाही वेग घटतो. म्हणून कोपऱ्यातील खोलीची सोय केल्याने सर्वांचाच लाभ होतो.

पाण्याचा साठा

पाणीटंचाई हे या भागाचे जुने दुखणे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून ‘जलदूत’ या रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले होते. त्यामुळे घरोघरी टाक्या, पिंपे व मोठ्या भांड्यांत पाणी साठवण्याची सवय आहे. राउटर व अभ्यासाची खोली यांच्या मध्ये भरलेली टाकी असल्यास संकेत लक्षणीयरीत्या घटतो. टाकी भरलेली असताना व रिकामी असताना मोजणीत फरक पडू शकतो.

विस्ताराचे प्रकार

संकेत पुढे नेण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

• रिपीटर: हा मूळ संकेत हवेतून घेऊन पुन्हा प्रक्षेपित करतो. किंमत कमी व बसवणे सोपे असते. एकाच पट्ट्यावर ऐकणे व बोलणे ही दोन्ही कामे करावी लागत असल्याने वेग साधारणतः निम्म्यावर येतो. संकेत संपलेल्या खोलीत तो बसवल्यास उपयोग होत नाही. मूळ संकेत अद्याप चांगला आहे अशा मधल्या जागी तो बसवावा लागतो. दगडी घरात अशी मधली जागाच बहुधा मिळत नाही.

• मेश: दोन-तीन एकके परस्परांशी जोडली जाऊन एकाच नावाचे जाळे तयार करतात. तीन पट्ट्यांच्या संचात एककांच्या आपसातील संवादासाठी स्वतंत्र पट्टा मिळतो. विटेच्या भिंतींच्या घरात ही पद्धत समाधानकारक ठरते. दोन फुटी दगडी भिंत किंवा स्लॅब आड असल्यास मात्र एककांचा आपसातील दुवाच क्षीण होतो. तारेने जोडण्याची सोय असलेला मेश संच घेतल्यास ही उणीव दूर होते.

• तारेने जोडलेला ॲक्सेस पॉइंट: राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत इथरनेट केबल नेऊन तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट बसवतात. केबलला भिंतीच्या जाडीने फरक पडत नाही आणि १०० मीटरपर्यंत वेगात घट होत नाही. सुरुवातीचे श्रम अधिक असले तरी जाड भिंतींच्या व बहुमजली घरांसाठी हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

• विजेच्या तारांतून संकेत नेणारे जोडसंच: यांचा वेग घरातील वायरिंगवर अवलंबून असतो. जुन्या व जोड दिलेल्या वायरिंगमध्ये तो अनिश्चित राहतो.

निवडीचे निकष

घरासाठी ॲक्सेस पॉइंट निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

मानक व पट्टे: दोन्ही पट्टे असलेले वायफाय ५ किंवा वायफाय ६ चे उपकरण बहुतेक घरांना पुरेसे असते. वायफाय ६ चा विशेष लाभ एकाच वेळी अनेक उपकरणे जोडलेली असताना दिसतो, त्यामुळे वसतिगृहांसाठी ते श्रेयस्कर आहे. ६ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्‌झपेक्षाही अधिक क्षीण होत असल्याने केवळ तिच्यासाठी जादा किंमत मोजणे जाड भिंतींच्या घरात फारसे उपयोगी नाही.

खोक्यावरील वेग: १२००, १८०० किंवा ३००० असे आकडे सर्व पट्ट्यांच्या सैद्धांतिक कमाल वेगांची बेरीज असतात. कोणत्याही एका मोबाइलला तो वेग मिळत नाही. घरातील जोडणी १०० मेगाबिटची असल्यास इंटरनेटचा वेग त्याहून अधिक होऊ शकत नाही.

लॅन पोर्ट: काही स्वस्त उपकरणांचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. गिगाबिट पोर्ट घेतल्यास पुढील काही वर्षांची सोय होते.

केबलमधून वीजपुरवठा: पीओई ही सोय असल्यास एकाच केबलमधून संकेत व वीज दोन्ही जातात. या पद्धतीचे पहिले मानक २००३ साली आले. छताजवळ विजेचा बोर्ड नसलेल्या जुन्या घरांत ती विशेष उपयुक्त आहे.

जोडणीचे स्थलांतर: घरात फिरताना मोबाइलने एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर सहजपणे जावे यासाठी ८०२.११के, व्ही व आर ही साहाय्यक मानके आहेत. दोन किंवा अधिक उपकरणे घेताना ती एकाच मालिकेतील असणे सोयीचे ठरते.

मान्यता: भारतात विक्रीस असलेल्या बिनतारी उपकरणास दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-प्रकार मान्यता आवश्यक असते. परदेशातून आणलेल्या उपकरणाच्या वाहिन्या व शक्तिमर्यादा भारतीय नियमांशी जुळतीलच असे नाही.

मांडणी व मोजणी

खरेदीपूर्वी घराचा साधा नकाशा काढून त्यावर भिंतींची जाडी, दारे, लोखंडी कपाटे, पाण्याच्या टाक्या व सध्याच्या राउटरची जागा दाखवावी. त्यानंतर मोबाइलवरील वायफाय-मोजणीच्या ॲपने प्रत्येक खोलीतील पातळी दारे बंद ठेवून नोंदवावी. दोन्ही पट्ट्यांच्या नोंदी वेगवेगळ्या घ्याव्यात. ज्या खोल्यांत आकडा उणे ७० च्या खाली जातो त्यांच्या मध्यवर्ती जागी नवा ॲक्सेस पॉइंट असावा. अनेकदा मूळ राउटर घराच्या मध्यावर आणल्यानेच प्रश्न सुटतो आणि खरेदीची गरज उरत नाही. नवी जोडणी घेतानाच तंत्रज्ञाला तंतू आतल्या खोलीपर्यंत आणण्यास सांगितल्यास हे सहज साधते.

उपकरण जमिनीवर, दूरचित्रवाणी संचामागे, शीतकपाटावर किंवा लोखंडी कपाटात ठेवू नये. छताला बसवायच्या प्रकारातील संकेत छत्रीसारखा खाली पसरतो, त्यामुळे वरच्या मजल्यासाठी त्याचा भरवसा धरता येत नाही.

२.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ व ११ या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. दाट वस्तीत यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडून पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी. घरातील दोन ॲक्सेस पॉइंट वेगवेगळ्या वाहिन्यांवर असावेत. ५ गिगाहर्ट्‌झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या वाहिन्या सोयीच्या असतात, कारण मधल्या वाहिन्यांवर रडारचा संकेत आढळल्यास उपकरणास वाहिनी बदलावी लागते.

केबल शुद्ध तांब्याची, कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रतीची असावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, परंतु ती लवकर तुटते आणि पीओईसाठी योग्य नसते. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला मोठे छिद्र पाडल्यास दगड ढिले होण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी केबल चौकटीच्या कडेने, झरोक्यातून किंवा तुळयांच्या आधाराने न्यावी.

जुन्या राउटरचा वापर

पूर्वीचा राउटर घरात पडून असल्यास तो ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो. त्याची रीत अशी आहे:

१. जुन्या राउटरला संगणक जोडून त्याचा अंतर्गत पत्ता मुख्य राउटरहून वेगळा, परंतु त्याच मालिकेतील ठेवावा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असल्यास याचा १९२.१६८.१.२ ठेवता येतो. मुख्य राउटर हा पत्ता अन्य उपकरणास देणार नाही, याची खात्री करावी.
२. पत्ते वाटण्याची डीएचसीपी ही सोय बंद करावी. ती चालू राहिल्यास दोन राउटर पत्ते वाटू लागतात व जाळ्यात गोंधळ होतो.
३. वायफायचे नाव, सुरक्षाप्रकार व पासवर्ड मुख्य राउटरसारखेच ठेवावेत, वाहिनी मात्र वेगळी निवडावी.
४. मुख्य राउटरकडून आलेली केबल जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावावी.

काही राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ हा तयार पर्याय असतो. तो निवडल्यास पत्ता व डीएचसीपीचे बदल आपोआप होतात. या पद्धतीत खर्च केवळ केबलचा येतो.

वीज, उष्णता व संरक्षण

वीजपुरवठा खंडित झाल्यावर ओएनटी, राउटर व ॲक्सेस पॉइंट ही साखळीतील सर्व उपकरणे चालू असतील तरच इंटरनेट मिळते. त्यांपैकी बहुतेक १२ व्होल्टवर चालतात व त्यांच्यासाठी लहान यूपीएस बाजारात मिळतात. यूपीएस घेताना उपकरणांच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट व ॲम्पिअर जुळवून पाहावेत. सतत ८ वॉट वीज घेणारा ॲक्सेस पॉइंट वर्षाला सुमारे ७० युनिट वीज वापरतो.

नांदेड व लातूर येथे उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर घरात वापरण्याच्या बहुतेक उपकरणांची कार्यमर्यादा ४० अंशांचीच असते. पत्र्याच्या छताखाली किंवा बंद पेटीत ठेवलेले उपकरण दुपारी वारंवार बंद पडण्याचे हे एक कारण आहे. त्यामुळे भोवती हवा खेळती असलेली सावलीची जागा निवडावी.

पावसाळ्याच्या तोंडावर व परतीच्या पावसात या भागात विजा कोसळतात. गच्चीवरून किंवा दोन इमारतींमधून नेलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेचा दाब घरात येऊन जाळ्यातील सर्व उपकरणे निकामी होऊ शकतात. वाड्यापासून वेगळ्या असलेल्या खोल्यांना किंवा शेजारच्या इमारतीला जोडताना प्रकाशतंतूची केबल वापरणे सुरक्षित असते, कारण काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही. मात्र त्या केबलला आधारासाठी पोलादी तार नसावी.

सुरक्षितता

प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हा सुरक्षाप्रकार असावा. व्यवस्थापन-पानाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. निर्मात्याने सुधारणा देणे थांबवलेले जुने उपकरण तारेने जोडलेल्या दुय्यम जागीही शक्यतो वापरू नये. भाडेकरू व पाहुणे यांच्यासाठी स्वतंत्र पाहुणे-जाळे ठेवल्यास घरातील संगणक व कॅमेरे अलग राहतात. जुन्या राउटरचा ॲक्सेस पॉइंट केलेला असताना त्यावरील पाहुणे-जाळे खरोखर अलग राहते का, हे तपासून घ्यावे.

हेही पहा

• वायफाय
• राउटर
• प्रकाशतंतू
• किल्लारी भूकंप